यादीत पाणी कुठं आहे?

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारी एक मुलगी एप्रिलच्या शेवटी एक कागद घेऊन माझ्याकडे आली. वय एकोणीस. मे महिन्यात नाणेघाट चढायला निघालेल्या एका गटात तिनं नाव नोंदवलं होतं, आणि गटानं तिला सामानाची यादी दिली होती. क्विक-ड्राय टी-शर्ट दोन, ट्रेकिंगची पँट, घोट्याच्या वर येणारे वॉटरप्रूफ बूट, दोन लिटरची हायड्रेशन ब्लॅडर, तीस लिटरची सॅक, यूव्ही स्लीव्हज, कूलिंग टॉवेल, ट्रेकिंग पोलची जोडी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की योग्य साहित्याशिवाय सहभागी करून घेतलं जाणार नाही. तिनं प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलनं किंमत मांडली होती आणि तळाशी बेरीज केली होती. एकोणीस हजारांच्या वर गेली होती. ‘‘काका, मी नाव काढून घेते,’’ ती म्हणाली. मग त्या कागदाची घडी घातली, परत घडी घातली, आणि मुठीत धरून उभी राहिली.

मी तो कागद तिच्याकडून मागून घेतला आणि दोनदा वाचला. माणशी पाणी किती लिटर घ्यायचं, हे त्यात कुठंच नव्हतं. पहाटे किती वाजता चालायला लागायचं, नव्हतं. मीठ, साखर, लिंबू, टोपी, छत्री, यातलं काहीही नव्हतं. मे महिन्यात कोकणातून घाट चढणाऱ्या माणसाचा जीव ज्या चार-पाच गोष्टींवर टिकतो, त्या सगळ्या वगळून ही यादी झाली होती, आणि त्या यादीच्या जोरावर एका धडधाकट, उत्साही मुलीला डोंगराच्या पायथ्यापासूनच परत पाठवलं जात होतं. अशा याद्या मी आता जागोजाग बघतो. त्या लिहिणाऱ्यांशी मला भांडायचं आहे.

त्यांची बाजू मी फालतू समजत नाही. सह्याद्रीत गर्दी वाढली आहे. गुळगुळीत तळाच्या चपला घालून, हातात अर्ध्या लिटरची बाटली धरून लोक कड्याच्या टोकापर्यंत जातात, आणि त्यांना खाली आणायला गावातली पोरं आणि बचाव पथकातली माणसं रात्री-अपरात्री धावतात. स्वतःची नोकरी सांभाळून, स्वतःच्या खर्चानं धावतात. ‘नीट तयारी नसेल तर येऊ नका’ हे त्यांच्या वैतागाचं वाक्य आहे आणि त्या वैतागापुढे मी मान तुकवतो. माझी तक्रार पुढच्या पायरीशी आहे. ‘तयारी’ या शब्दाच्या जागी ‘खरेदी’ हा शब्द कधी येऊन बसला, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

ही यादी मुळात आपल्या डोंगरासाठी झालेलीच नाही. ‘सुती कपडा घालू नका’ हा तिचा पहिला नियम थंड मुलखातला. बर्फात, गार पावसात भिजलेलं सूत अंगाची ऊब ओढून घेतं आणि माणूस गारठून मरू शकतो. हिमालयात हा नियम शंभर टक्के खरा. ऑगस्टमध्ये राजगडाच्या माचीवर भणाण वाऱ्यात भिजत उभं राहायचं असेल, तर तिथंही मी सुती शर्ट घालू देणार नाही. पण मे महिन्यात, सकाळी दहा वाजता, घाटाखालच्या रानात, पान हलत नसताना अंगातली उष्णता बाहेर काढायची असते. ती जायला नको म्हणून थंड मुलखात जे नियम केले, ते इथं जसेच्या तसे लावून कसं चालेल?

उकाड्यात काय होतं हे समजून घ्यायला माठ पुरेसा आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात माठातलं पाणी दात ठणकवतं. तोच माठ रत्नागिरीत आणून ठेवा, पाणी जेमतेम गार होतं. माठ तोच आणि मातीही तीच, फरक हवेचा. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. विदर्भातली कोरडी हवा ती वाफ पटकन घेते. कोकणातली हवा आधीच पाण्यानं भरलेली असते, ती घेत नाही. आपलं शरीर म्हणजे चालता माठ. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून जाते. तोच घाम हनुवटीवरून टपकून मातीत पडला तर त्यानं काहीही गार केलेलं नसतं, नुसतं पाणी आणि मीठ वाया गेलेलं असतं.

शाळेत भूगोलाच्या तासाला ओल्या फुग्याचा तापमापक शिकवतात. पाऱ्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि बाष्पीभवनानं पारा किती खाली येतो ते बघायचं. ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर तो पारा २२ च्या आसपास येतो. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर २९ च्या खाली जवळपास उतरतच नाही. म्हणजे बातम्यांमध्ये ‘फक्त’ ३४ अंश दाखवणारं कोकण घाम वाळण्याच्या हिशेबानं ४२ अंशांच्या विदर्भापेक्षा कितीतरी वाईट. आपली त्वचा साधारण ३५ अंशांना असते. ओला पारा त्याच्या जितका जवळ, तितकी शरीराची सुटकेची वाट अरुंद. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या जाहीर कार्यक्रमानंतर १४ माणसं उष्माघातानं गेली, त्या दिवशी त्या भागातला पारा ३८ च्या आसपास होता, चाळिशीलाही टेकला नव्हता. ती माणसं डोंगर चढत नव्हती, पाठीवर ओझं नव्हतं. उन्हात बसून होती. ही आठवण मी जड मनानं काढतो आहे, पण काढायला हवी. हवा जे घेत नाही ते कुठलाही शर्ट उडवून देऊ शकत नाही, मग तो दोनशेचा असो की तीन हजारांचा. ‘शरीर कोरडं आणि थंड ठेवतो’ असं लेबलावर छापलेलं असतं, ते दमट हवेत खोटं पडतं. घाम कपड्यावर पसरतो हे खरं. पसरून पुढं जाणार कुठं?

मग घालायचं काय? माझं उत्तर सुताच्या बाजूचं नाही आणि पॉलिएस्टरच्याही बाजूचं नाही. ढगळ, पातळ, फिक्या रंगाचं, पूर्ण बाह्यांचं आणि कॉलरचं काहीही. घरात वडिलांचा जुना टेरिकॉटचा शर्ट असेल तर तो काढा. धुऊन धुऊन पातळ झालेला, पटकन वाळणारा, कॉलर उभी केली की मान भाजत नाही, बाह्या खाली सोडल्या की करवंदीचे काटे ओरबाडत नाहीत. यूव्ही स्लीव्हज नावाच्या वस्तूचं सगळं काम तो बाह्यांसकट करतो. नसेल तर मुंबईत फॅशन स्ट्रीटवर किंवा पुण्यात जुन्या बाजारात दीड-दोनशेला मिळणारी जाळीदार फुटबॉलची जर्सी घ्या. पॉलिएस्टरच आहे, महागड्या टी-शर्टातही पॉलिएस्टरच असतं. सुताबद्दल एक कबुली मात्र द्यायलाच हवी. दमट हवेत भिजलेलं सूत वाळत नाही, जड होतं आणि काचतं. मांडीला मांडी घासून सोलवटली की तिसऱ्या तासाला माणूस फेंगडं चालायला लागतो. म्हणून आतले कपडे सुती नकोत, आणि निघताना मांड्यांना, काखेत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळायचं. जीन्स तर कुठल्याच ऋतूत नको. एवढं सांगायला दहा ओळी लागतात, दहा हजार रुपये लागत नाहीत.

डोक्याला आणि मानेला पंचा. ‘कूलिंग टॉवेल’ म्हणून जे विकतात ते ओलं फडकं आहे. पंचाही ओलं फडकंच आहे, शिवाय त्यानं तोंड पुसता येतं, खांद्यावर पट्टा काचत असेल तर घडी करून खाली घालता येतो, मुरगळलेला घोटा आवळता येतो, आणि कुणी कोसळलं तर वारा घालता येतो. हा शेवटचा उपयोग मी डोळ्यांनी बघितला आहे. त्याकडे येतोच.

आधी बूट, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथं जातात आणि सगळ्यात जास्त चुकीचं तिथंच सांगितलं जातं. वॉटरप्रूफ बुटाच्या आत एक पापुद्रा असतो. बाहेरचं पाणी तो आत येऊ देत नाही आणि आतली वाफ बाहेर जाऊ देतो, असं सांगतात. वाफ बाहेर जाते ती आत जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हा. गार, कोरड्या हवेत हे जमतं. बाहेरची हवाच वाफेनं तुडुंब असली की तो पापुद्रा नुसता प्लास्टिकच्या पिशवीसारखा वागतो. पाय आत उकडतो, भिजतो, मऊ पडतो आणि मऊ पडलेल्या कातडीला फोड येतात. मे महिन्यात सह्याद्रीच्या वाटेवर पाणी कुठं असतं म्हणून वॉटरप्रूफ बूट हवेत? असते ती धूळ, वाळलेलं घसरडं गवत आणि मुरमाड घसारा. त्याला लागतो धरून ठेवणारा रबरी तळ आणि हवा खेळती ठेवणारा कापडी वरचा भाग. ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट सह्याद्रीत भटकणाऱ्या दोन पिढ्यांनी घातले ते याच कारणानं. हजाराच्या आत-बाहेर मिळतात, दिसायला सामान्य, कातळावर आणि घसाऱ्यावर घट्ट बसतात. त्यात एक नंबर मोठा घेऊन जाड मोजे घालायचे, म्हणजे उतरताना अंगठ्याची नखं काळी पडत नाहीत. गावातला माणूस प्लास्टिकच्या चपलेत आपल्याला मागं टाकतो, ते मात्र शहरातल्यांनी करू नये. त्याचा पाय लहानपणापासून त्या वाटेवर घडलेला असतो.

‘महाग वस्तू एकदाच घ्यावी लागते, स्वस्त दरवर्षी’, हा युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो. कोरड्या, थंड देशात तो खरा असेल. माझ्या एका सोबत्यानं उत्तम, महागडे बूट घेतले आणि जपून वापरले. वर्षातून दोनदा घालायचा, एरवी खोक्यात, कपाटात. पाचव्या वर्षी सुधागड उतरताना उजव्या बुटाचा तळ सुटला. नुसता सुटला नाही. मधला थर बोटानं दाबला तर शिळ्या भाकरीसारखा भुगा होऊन खाली पडत होता. अर्ध्या तासानं डाव्याचंही तेच. पॉलियुरेथेनच्या तळाचं हेच होतं. हवेतली आर्द्रता त्याला हळूहळू फोडत राहते, वापरा किंवा न वापरा, आणि दमट मुलखात ते फार लवकर होतं. जुन्या सॅकच्या आतलं अस्तर चिकट होऊन वास यायला लागतो, त्यामागंही बहुतेक वेळा हेच कारण असतं. मुंबई-कोकणच्या हवेत ‘एकदाच घ्या’ असं काही नसतं. तळाला सुतळी गुंडाळून तो सोबती पायथ्याच्या पाच्छापूरपर्यंत आला, त्याच्या तळव्यांचे फोड मी बघितले आहेत.

आता पाणी. उकाड्यात चढताना तासाला एक लिटर घाम सहज जातो, काहींचा त्याहून जास्त. मे महिन्यातल्या अर्ध्या दिवसाच्या घाटवाटेला माणशी चार लिटर पाणी ही माझी किमान अट आहे. चार लिटर म्हणजे चार किलो. इथं महागड्या यादीचा खरा धोका उघडा पडतो: पाठीवरचं प्रत्येक किलो सामान पाण्याची एक बाटली घरी ठेवायला लावतं. जड सॅक, पोलची जोडी, जादा कपडे, कॅमेरा घेतलेला माणूस दोन लिटरची ब्लॅडर भरतो आणि त्याला वाटतं आपली तयारी झाली. त्यात ब्लॅडर सॅकच्या आत असते, किती उरलं ते दिसत नाही. नळी एकदम खुर्र करते तेव्हा कळतं की संपलं. शिवाय दमट हवेत तिची नळी नीट वाळवली नाही तर आत बुरशी धरते. एक-एक लिटरच्या चार साध्या बाटल्या घ्या. तीन रिकाम्या झाल्या की डोळ्यांना दिसतात, आणि एकीत मीठ-साखरेचं पाणी वेगळं ठेवता येतं.

ते मीठ-साखरेचं पाणी यादीत पहिल्या क्रमांकावर असायला हवं होतं. घामातून मीठही जातं, आणि नुसतं पाणीच घटाघटा पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीनं माणसं पटापट मरत होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते तोंडावाटे पाजलं आणि हजारोंचे प्राण वाचवले. आज जगभर वापरलं जाणारं जे पाकीट आहे, त्याच्या मागं ते काम आहे. औषधाच्या दुकानात ते वीस-पंचवीस रुपयांना मिळतं. त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण लिहिलेलं बघून घ्या, रंगीत खोक्यातलं गोड पेय नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. वर लिंबू पिळा. कोकणातल्या घरात कोकमाचं आगळ असतंच, त्यात मीठ असतंच, थोडी साखर घालून त्याचं सरबत करून न्या. डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक पोराला हे प्रमाण तोंडपाठ हवं. त्या छापील कागदावर एवढी एक ओळ असती तरी मी आज लिहायला बसलो नसतो.

आणि छत्री. हसू नका, मी मनापासून सांगतो आहे. पाठीवर नेता येईल अशी सावली दुसऱ्या कशानं मिळते? टोपी डोकं झाकते पण कोंडतेही. छत्रीखाली चारी बाजूंनी वारा खेळतो आणि खांदे, पाठ, पाण्याच्या बाटल्या सगळं सावलीत राहतं. पठारावरून चालताना, रस्त्यावरून गावापर्यंत तंगडतोड करताना, फाट्यावर एसटीची वाट बघताना तिच्याइतकं उपयोगी काही नाही. कातळटप्प्यावर आणि वाऱ्याच्या धारेवर ती मिटून सॅकला बांधायची, एवढंच पथ्य.

आता तो पंचा. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातच, आम्ही सात जण एका घाटवाटेनं वर निघालो होतो. एसटी उशिरा आली, पायथ्याला नाष्ट्यात आणखी वेळ गेला, आणि चढाला लागेपर्यंत साडेनऊ झाले. ही चूक माझी, म्होरक्या मीच होतो. पायथ्याच्या पाड्यावर एक आजी लाकडाची मोळी उतरवत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘आता कशाला जाताव? नाळंत वारा नाय. चार वाजल्यावर जा.’’ मी ऐकलं नाही. नाळेत, त्या अरुंद घळीत, खरंच वारा नव्हता. दोन्ही बाजूंचे कातळ तापून भट्टीसारखे झाले होते. आमच्यात सगळ्यात उत्तम सामान असलेला एक जण होता, वय तिशीच्या आत, व्यायामाचं शरीर. अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा काळा शर्ट, घोट्यावरचे बूट, ब्लॅडर. साडेअकराच्या सुमाराला तो बोलायचा थांबला. मग उलटी झाली. मग मी नाव विचारलं तर त्यानं भलतंच काहीतरी सांगितलं, आणि माझ्या पोटात गोळा आला.

आम्ही त्याला एका आंब्याच्या बुंध्याशी ओढलं. शर्ट इतका घट्ट होता की डोक्यावरून निघेना, चाकूनं फाडला. बूट सोडले तर आतून वाफ निघावी तसे पाय लालभडक आणि सुरकुतलेले. त्याच्या मानेवर, काखेत, जांघेत पाणी ओतलं आणि दोघांनी पंच्याची दोन टोकं धरून चवरी ढाळावी तसा वारा घातला. एकानं छत्री धरली. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून एक जण १०८ ला फोन लावायला खाली पळाला. पंचवीसेक मिनिटांनी त्याला आपण कुठं आहोत ते कळलं, मग घोट घोट मीठ-साखरेचं पाणी दिलं. चार वाजेपर्यंत तिथंच बसलो आणि त्याला धरून खाली आणलं. त्याची ब्लॅडर बघितली तर सव्वा लिटर पाणी तसंच शिल्लक होतं. नळी वळून दबली होती, पाणी येत नाही म्हणजे संपलं असं समजून तो तासभर काहीच प्यायला नव्हता, आणि मागायला संकोचला होता. त्या दिवशी वाचवलं ते सावलीनं, पाण्यानं आणि पंच्यानं. आजींचं ऐकलं असतं तर त्या तिन्हींचीही गरज पडली नसती. सगळ्या यादीत जर काही फुकट असेल आणि सगळ्यात मोलाचं असेल तर ती वेळ आहे: पहाटे चार-साडेचारला चालायला लागा, दहाच्या आत वर पोचा, चारपर्यंत हलू नका.

म्हणून बॅटरी चांगली घ्या. डोक्याला बांधायची, दोन्ही हात मोकळे ठेवणारी, आणि जादा सेल. तिथं चारशे-पाचशे रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या. दोर, हार्नेस, हेल्मेट यांत तर एक पैसाही वाचवू नका. जिथं दोराला लटकायचं आहे, तिथं प्रमाणित साहित्य आणि ते वापरायला शिकलेला माणूस, दोन्ही नसतील तर घरी बसा. स्वस्तातलं सगळंच चालतं असं सांगणारा मी नाही. पण मे महिन्यातल्या चालत्या घाटवाटेला दोर लागत नाही, आणि त्या मुलीच्या यादीत तो नव्हताही.

मुक्कामाबद्दल थोडंसं. उन्हाळ्याच्या रात्री तंबू म्हणजे कोंडवाडा. देवळाची ओसरी, गुहा किंवा उघडं आभाळ, खाली चटई, वर मच्छरदाणी, बस. सकाळी बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. कोकणातला लाल विंचू उन्हाळ्यात दगडाखालून बाहेर पडतो आणि त्याचा दंश जीव घेऊ शकतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं, स्वस्त औषध त्यावर लागू पडतं हे दाखवून दिलं आणि कोकणातले असे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही, पण दवाखाना कुठं आहे आणि तिथवर किती वेळात पोचता येईल, हे निघण्यापूर्वी माहीत हवं.

महागड्या यादीमुळे सुरक्षितता वाढते, हा यादी लिहिणाऱ्यांचा मुख्य मुद्दा मी इथं थेट नाकारतो. यादीनं अडवलेली मुलं घरी बसतात असं त्यांना वाटतं. बसत नाहीत. कल्याण-डोंबिवलीतली, भोसरी-पिंपरीतली पोरं शनिवारी रात्री ठरवतात आणि रविवारी सकाळी दहाला कुठल्यातरी किल्ल्याच्या पायथ्याशी उतरतात, चौघांत दोन बाटल्या घेऊन, वाट माहीत नसताना, कुणी अनुभवी बरोबर नसताना. जो गट त्यांना पहाटे निघायला, टाक्यातलं पाणी ओळखायला, सोबत्याचं नाव विचारून तो भानावर आहे का ते तपासायला शिकवू शकला असता, त्यानं त्यांच्याकडे खरेदीची पावती मागितली. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांच्या काळापासून कातळात खोदलेली टाकी आहेत. ज्यांनी ती खोदली त्यांना घाट चढून आलेल्या माणसाला आधी काय लागतं ते ठाऊक होतं. त्यातल्या कुठल्या टाक्यात मे महिन्यातही पिण्याजोगं पाणी उरतं, हे गावकरी सांगतात, आणि ही माहिती कुठल्याही दुकानात मिळत नाही. गटाच्या म्होरक्यानं ती आधी जाऊन मिळवायची असते. ते काम कष्टाचं आहे. यादी छापणं सोपं आहे.

त्या मुलीच्या गटप्रमुखाला मी फोन केला. तासभर बोललो. तरुण आहे, चांगला आहे, त्यालाही यादी कुणीतरी दिली होती आणि त्यानं ती पुढं पाठवली होती. बुटांची अट सोडायला तो लगेच तयार झाला, ब्लॅडरवर थोडा अडला, पहाटेच्या वेळेवर म्हणाला की लोक उठत नाहीत. मी म्हटलं, जे उठणार नाहीत त्यांना नेऊ नकोस, ही अट घाल, ही अट सगळ्यांना परवडते.

मग त्या कागदाच्या पाठीमागं मी आणि ती, दोघांनी मिळून लिहायला घेतलं. ॲक्शनचे बूट, एक नंबर मोठे. जर्सी एक. मोजे दोन जोड. पंचा. हेडटॉर्च. मीठ-साखरेची पाकिटं सहा, त्यातली दोन दुसऱ्यासाठी. बाटल्या घरातल्या चार, पाठीवर कॉलेजची सॅक. खोबरेल तेल छोट्या बाटलीत. बेरीज दोन हजारांच्या आत राहिली आणि त्यातले बूट ती कॉलेजलाही घालणार होती. टेरिकॉटचा शर्ट वडिलांच्या कपाटात सापडला, बाह्या दोन बोटं लांब. छत्री तिच्या आजीची निघाली, काळी, एक काडी वाकलेली. ती आम्ही पक्कडीनं सरळ केली.